कुंभकोणमचे दिवाण आणि बडोद्याची मुले

सरकारी कामानिमित्त कुंभकोणमला चार दिवस मुक्काम करण्याचा योग मला एकदा आला. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले हे गाव उत्तरेकडील यात्रेकरूंना माहीत असते ते बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वणीमुळे, आणि गणित जाणणाऱ्यांना माहीत असते ते श्रीनिवास रामानुजन यांच्या बालपणामुळे. सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरचे रामानुजन यांचे लहानसे घर कोणीही दाखवतो. मला मात्र दुसऱ्याच एका माणसाची खूण हवी होती. सर टी. माधवराव यांचा जन्म याच गावी 1828 मध्ये झाला. त्यांचे घर कोठे होते, असे मी दोघा-तिघांना विचारले. एका वृद्ध गृहस्थांनी माझे मराठी ऐकून तंजावरी मराठीतच उत्तर दिले. त्यांच्या बोलीत अर्धे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे होते आणि उरलेले अर्धे तमिळ. घर त्यांनाही ठाऊक नव्हते. मात्र ते हसून म्हणाले, "आमच्या गावाने दिवाण फार दिले, घरे राखली नाहीत."

हे वाक्य मी मनाशी घोळवीत परतलो. तंजावरात व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावात भोसल्यांची गादी स्थापली आणि 1855 पर्यंत ती टिकली. या राज्याच्या आश्रयाने जी देशस्थ कुटुंबे कावेरीकाठी रुजली, त्यांतून एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या संस्थानांना लागणारे मुत्सद्दी जणू वंशपरंपरेने निपजू लागले. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण. चुलतबंधू रघुनाथराव इंदूरचे दिवाण. व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणमचेच आणखी एक गृहस्थ म्हैसूर, त्रावणकोर आणि बडोदे अशा तिन्ही ठिकाणी दिवाण झाले. दिवाणाच्या घरात जन्मलेल्या मुलाने दिवाण व्हावे, हा त्या घरांतील अलिखित कायदाच होता म्हणा ना.

माधवरावांचे चिरंजीव टी. आनंदराव यांचेच पाहा. त्यांचा जन्म 1852 चा, त्रिवेंद्रमचा. म्हणजे वडील त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक असतानाचा. पुढे तेही 1909 मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले आणि 1912 पर्यंत त्या पदावर राहिले. म्हैसूरचा इतिहास उघडून पाहावा तर त्यांच्या नावावरून वाचकाची नजर अलगद पुढे सरकते, कारण त्यांच्यानंतर लगेच विश्वेश्वरय्या येतात. मागे सर माधवराव आणि पुढे सर विश्वेश्वरय्या, अशा दोन पर्वतांच्या मधल्या खिंडीत हा माणूस उभा राहिला आणि आपले काम करून निघून गेला. त्यांच्याविषयी फारसे काही सांगितले जात नाही, आणि माझ्यासारख्या नोकरशहाला हे न सांगितले जाणेच त्यांच्या भाग्याचे लक्षण वाटते. ज्या कारभाऱ्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते, त्याच्या घरात डोकावून पाहावे असे मला हल्ली वाटू लागले आहे.

मला आज ज्या घरात डोकवायचे आहे ते मात्र कुंभकोणमचे नव्हे. ते बडोद्याचे आहे. पण तेथील कथेचा पहिला धागा कुंभकोणमच्या या दिवाणाच्याच हातात होता.

1875 साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप त्यांच्यावर होता; चौकशी मंडळातील हिंदी आणि इंग्रज सभासदांत एकमत झाले नव्हते, तरी गादी गेली. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तकाची परवानगी मिळाली, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून गायकवाड घराण्यातील काही मुले बडोद्यास आणण्यात आली. त्यांतील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाला निवडण्यात आले. येथे का आलास असे विचारता, राज्य करायला आलो, असे त्याने सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. 27 मे 1875 रोजी गोपाळरावाचा सयाजीराव झाला. त्या दिवशी त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. ही गोष्ट आपण त्यांच्या पुढील कर्तृत्वाची उंची मोजण्यासाठी नेहमी सांगतो. पण बारा वर्षांचे खेड्यातील मूल एका उन्हाळ्यात आपले नाव, आपले गाव, आपले आईवडील आणि आपले सवंगडी सोडून परक्या वाड्यात येते, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आपण क्वचितच उच्चारतो.

त्याच वर्षी सर माधवराव बडोद्याचे दिवाण म्हणून आले. त्रावणकोरात त्यांनी तिशीच्या आत दिवाणगिरी हाती घेऊन ते संस्थान सुव्यवस्थित केले होते. मध्यंतरी दोन वर्षे इंदुरास काढली होती. बडोद्याची घडी बसविणे आणि नव्या राजाला घडविणे अशी दुहेरी कामगिरी त्यांच्यावर होती. मुलाच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट हे सनदी अधिकारी नेमले गेले. अक्षरओळखीपासून प्रारंभ होऊन सहा वर्षांत मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, घोडेस्वारी, तालीम इतके सारे त्याला शिकवावयाचे होते. दिवस घड्याळाच्या काट्यांवर वाटून दिलेला. 1881 साली, अधिकार हाती येण्यापूर्वी, दिवाणसाहेबांनी स्वतः या तरुणाला राजधर्मावर एक व्याख्यानमाला दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने इंग्रजीत छापली गेली. राजाने प्रकृती कशी सांभाळावी, प्रजेचे सुख हेच कारभाराचे माप कसे मानावे, राजवाड्याचा खर्च कसा आवरावा, कायदे कसे करावेत, सार्वभौम सरकारशी कसे वागावे, अशी ती व्याख्याने आहेत. सनदी नोकरीत शिरणाऱ्या कोणाही तरुणाने ती आजही वाचावीत. मी ती वाचली आहेत आणि पेन्सिलीने खुणाही केल्या आहेत. पण मध्यरात्री एकदा ती वाचता वाचता मला एकाएकी असे वाटले की हे सारे शहाणपण एका राजाला उद्देशून आहे, आणि समोर बसलेला श्रोता अठरा वर्षांचा आहे. त्याला या वयात आणखीही कोणीतरी हवे असेल. ते कोणी त्या खोलीत नव्हते.

माधवरावांचा यात दोष नव्हता. ते दिवाण होते, आणि त्यांनी दिवाणाचे काम उत्तम केले. तरीही एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. त्रावणकोरात आयिल्यम तिरुनाळ हे महाराज त्यांचे विद्यार्थी. त्यांच्याशीच पुढे बेबनाव होऊन 1872 मध्ये माधवरावांनी ती दिवाणगिरी सोडली. बडोद्यात 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी माधवराव बडोदे सोडून मद्रासेस परतले. दोन्ही वेळी शिष्य मोठा झाला, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेसे वाटू लागले, आणि गुरूला जाणे भाग पडले. सयाजीरावांनी गुरूविषयी आदर कधी सोडला नाही. गुरूकडून त्यांनी घेतलेली वस्तूही त्यांनी जन्मभर सोडली नाही, आणि ती वस्तू म्हणजे घड्याळ.

1880 च्या जानेवारीत सयाजीरावांचा विवाह झाला होता तो तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही बडोद्यास आले आणि कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी नांदू लागले. 1883 मध्ये त्यांना फत्तेसिंहराव हा पुत्र झाला. त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 1885 मध्ये, क्षयाने त्या वारल्या. सयाजीरावांनी त्यांची स्मृती बांधकामात जपली. बडोद्याच्या रावपुऱ्यातील 1896 चा घड्याळाचा मनोरा त्यांच्याच नावाचा आहे, आणि न्यायमंदिराची भव्य इमारतही. त्या मनोऱ्याखालून रोज जाणाऱ्या कितीजणांना ते नाव तंजावरच्या एका मुलीचे आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. फत्तेसिंहरावांना तरी आई आठवत असणे शक्य नव्हते.

1885 च्या अखेरीस महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यात झाला. या दुसऱ्या चिमणाबाई स्वतः मोठ्या करारी. पडदा टाकून देणाऱ्या, स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिणाऱ्या, 1927 मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा. त्यांना जयसिंहराव, शिवाजीराव, इंदिराराजे आणि धैर्यशीलराव अशी चार मुले झाली.

सयाजीरावांचे लौकिक कर्तृत्व श्रोत्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी केला आणि 1906 मध्ये तो कायदा सर्व संस्थानाला लागू झाला. ग्रंथालये, वाचनालये, कलाभवन, बडोदा बँक, अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा. 1913 मध्ये आंबेडकर नावाचा एक तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला. कवळाण्याच्या ज्या मुलाला अक्षर ठाऊक नव्हते, त्याने लाखो मुलांच्या हाती पाटी दिली. कोणत्याही संस्थानिकाच्या पुतळ्याला नमस्कार करावा असे मला वाटत नाही; सयाजीरावांच्या पुतळ्यापुढे मात्र पाऊल थांबते.

घरातही शिक्षणच होते. राजपुत्रांसाठी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात वेगळी शाळा. शिक्षक तर असे की कोणाही पालकाला हेवा वाटावा. गोविंद सखाराम सरदेसाई हे राजपुत्रांना इतिहास शिकवीत, आणि त्या शिकवण्याच्या टिपणांतूनच 'रियासती'चा आरंभ झाला. मराठी भाषेला रियासतकार मिळाले ते त्या मुलांच्या वर्गातून, असे म्हटले तरी चालेल. वर्गात बसलेल्या मुलांना काय मिळाले, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

वडील वक्तशीर, टापटिपीचे, खाण्यापिण्यात संयमी, निजेला पारखे, आणि प्रत्येक गोष्टीला नियम असणारे. प्रकृतीसाठी 1887 पासून ते वारंवार युरोपात जात आणि महिनेच्या महिने तेथे राहत. घरी असले की कारभार, आणि कारभारातून उसंत मिळाली की वाचन. त्यांना मुलांविषयी माया नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या मायेला जी वाट सापडली ती एकच होती, आणि ती त्यांना लहानपणी कुंभकोणमच्या दिवाणाने आणि इलियटसाहेबांनी दाखविलेली होती. मुलावर प्रेम करावयाचे म्हणजे त्याच्यासाठी उत्तम शिक्षक नेमावयाचा, उत्तम वेळापत्रक आखावयाचे, आणि त्याची प्रगती पाहावयाची. स्वतः त्यांना याच उपायाने मोठेपण आले होते. उपायावर त्यांचा विश्वास बसावा यात नवल नाही.

एक फरक त्यांच्या ध्यानी आला नसावा. ते बारा वर्षे आपल्या आईवडिलांच्या घरात वाढून मग या वेळापत्रकात आले होते. त्यांची मुले त्यातच जन्मली.

फत्तेसिंहराव ऑक्सफर्डला गेले. 1908 च्या सप्टेंबरात ते वारले तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते, आणि त्यांचा मुलगा प्रतापसिंह अवघ्या तीन महिन्यांचा. म्हणजे बापाला आईची आठवण नाही आणि मुलाला बापाची नाही. शिवाजीराव ऑक्सफर्डच्या संघातून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. 1919 मध्ये तेही गेले, तिशी गाठण्यापूर्वी. जयसिंहराव अमेरिकेत हार्वर्डला शिकले. 1923 मध्ये बर्लिन येथे त्यांचा अंत झाला. या अकाली मृत्यूंच्या मागे मद्याचे व्यसन होते, हे त्या कुटुंबाविषयी लिहिणाऱ्यांनी वारंवार नोंदविले आहे. वडील संयमी, आणि मुलांनी नेमका संयमच सोडावा! मला यात केवळ ऐश्वर्याचा किंवा विलायतेचा दोष दिसत नाही. संस्थानिकांची इतरही मुले विलायतेस गेली आणि धडपणे परत आली. ज्या घरात वडील सदैव बरोबर असतात, त्या घरात मुलाला आपले असे काही करून पाहण्यासाठी चुकेखेरीज दुसरी जागा उरत नाही, असे तर नसेल? हा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून कोणी मागू नये.

एका मुलीने मात्र दुसरी जागा शोधून काढली. इंदिराराजे या पाठोपाठच्या चार भावंडांतील एकच मुलगी. त्यांनाही आईवडिलांनी मुलांप्रमाणेच शिकविले, ही गोष्ट त्या काळच्या राजघराण्यांत अपूर्व होती. आणि मग त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरविले. शिंदे वयाने सुमारे पंधरा वर्षांनी मोठे, एक पत्नी असलेले, आणि त्यांच्या घरी कडक पडदा. ज्या बापाने मुलीला पुस्तके दिली, त्यानेच तिच्यापुढे हे घर ठेवले. त्यात त्यांना विसंगती वाटली नाही, कारण मराठी राजघराण्यांत याहून तोलामोलाचे स्थळ नव्हते.

1911 च्या डिसेंबरात दिल्लीस बादशहा पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. त्या दरबारात सयाजीरावांनी साध्या वेषात पुढे होऊन एकदाच मान लववली आणि पाठ वळवली, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांत किती गदारोळ उठला ते सर्वश्रुत आहे. महाराजांना पुढे खुलाशाचे पत्र द्यावे लागले. पण त्याच दिल्लीत, त्याच दिवसांत, त्यांच्या तंबूपासून फार दूर नसलेल्या तंबूंत एकोणीस वर्षांच्या इंदिराराजेंची कुचबिहारच्या जितेंद्र नारायण या धाकट्या राजपुत्राशी ओळख वाढली होती. पिता सम्राटापुढे पुरेसा वाकला नाही म्हणून साम्राज्य रागावलेले असताना, मुलगी पित्यापुढे न वाकण्याची तयारी करीत होती. घरी परतल्यावर तिने आईवडिलांना न विचारता थेट शिंद्यांना पत्र लिहून लग्नाला नकार कळविला. ग्वाल्हेरहून बडोद्यास तार आली: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? पत्र गेले आहे हेच आईवडिलांना तेव्हा प्रथम समजले.

राजा म्हणून सयाजीरावांनी काय करावयास हवे होते ते उघड होते. आपल्या राज्यात त्यांनी स्त्रियांच्या बाजूने कायदे केले होते. बाप म्हणून त्यांनी मुलीवर पहारा ठेवला आणि जितेंद्रांस भेटण्याची मनाई केली. दीड वर्ष ही ओढाताण चालली. अखेर 1913 मध्ये लंडनला, आईवडिलांच्या गैरहजेरीत, तिचे लग्न लागले. नंतर काही वर्षांनी समेट झाला. 1922 मध्ये जितेंद्रही अकाली गेले, आणि इंदिराराजेंनी अल्पवयीन मुलाच्या नावाने कुचबिहारचा कारभार 1936 पर्यंत चालविला. म्हणजे सयाजीरावांच्या मुलांपैकी प्रत्यक्ष राज्य चालवून दाखविले ते मुलीने, आणि तेही त्यांची आज्ञा मोडून गेलेल्या मुलीने. तिची कन्या गायत्रीदेवी यांनी 1976 च्या आपल्या आत्मवृत्तात बडोद्याच्या आजोळचे वर्णन केले आहे. नातवंडांना तेथे शिस्तही होती आणि मौजही. आजोबा झालेल्या सयाजीरावांचे चित्र वाचताना मला बरे वाटते. त्याबरोबर मनात हेही येते, की हे आजोबा त्यांच्या मुलांना भेटले असते तर!

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एके संध्याकाळी माझ्या अभ्यासिकेच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी फायलीतून मान वर न करता "काय आहे?" असे विचारले. ती म्हणाली, "आत येऊ का, की आधी चिठ्ठी पाठवू?" माझ्या कचेरीत येणारे लोक शिपायाकडून चिठ्ठी पाठवतात, हे तिने कधीतरी पाहिले होते. त्या वेळी मी हसलो. सयाजीरावांविषयी लिहिताना ते हसू परत आठवले आणि तितकेसे बरे वाटले नाही.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराजांचा मृत्यू झाला. चार पुत्रांपैकी त्या वेळी एकटे धैर्यशीलराव हयात होते, आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. गादीवर आले ते नातू प्रतापसिंह.

राजपुत्रांसाठी बांधलेली ती शाळेची इमारत लक्ष्मीविलासच्या आवारात अजून उभी आहे. आज तेथे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. वर्गांच्या जागी चित्रे आहेत, त्यांत मोठा संग्रह राजा रविवर्म्याचा. 1881 च्या राज्यारोहणाच्या वेळी या चित्रकाराला प्रथम बडोद्याला बोलावून घेतले होते ते कुंभकोणमच्या सर माधवरावांनी. तिकीट काढून आत गेले की माणसे चित्रांपुढे थांबतात, आणि खोल्यांतून हळू आवाजात बोलत पुढे जातात.